विलीनीकरणासाठी वर केलेला हात

आमच्या विद्यापीठाचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मला निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. कुलसचिवांनी बोलावून सांगितलं की नव्या इमारतीच्या उद्घाटनाला रंगीत फोटोंचं एक जाडसर पुस्तक काढायचंय, त्यातला इतिहासाचा भाग मी लिहावा. मी मराठी शिकवते, जुनी आहे, आणि मुख्य म्हणजे साताऱ्याचीही आहे आणि सांगलीचीही, असं ते म्हणाले. मी हो म्हटलं. मोठ्या माणसांपुढे हो म्हणायची मला जुनी सवय आहे. ही सगळी हकिकत त्या सवयीचीच आहे.

विद्यापीठ ख्रिस्ती संस्थेचं. सांगलीतलं कला महाविद्यालय आधीपासूनचं. त्यात पहिल्यांदा आष्ट्याजवळची सुतारकाम-लोहारकामाची शाळा आली, मग आमचं साताऱ्याचं अध्यापिका विद्यालय, मग नर्सिंगची शाळा, शेवटी पाळक तयार करणारं प्रशिक्षण विद्यालय. एवढं सगळं एका छपराखाली आल्यावर विद्यापीठ झालं. समारंभात याला वाढ म्हणतात. मी स्वतः दोन समारंभांत तसं म्हटलेलं आहे.

मी त्या साताऱ्याच्या विद्यालयाची विद्यार्थिनी. आटपाडीकडची, धनगराची. दिवाळी झाली की घरातले सगळे मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला उतरायचे आणि मी आत्याकडे राहून शाळा करायची. बारावी झाल्यावर आत्यानं हात टेकले. कुणीतरी वडलांना सांगितलं की साताऱ्याला मिशनच्या बाया मुलींना मास्तरणी करतात आणि राहायलाही ठेवून घेतात. वडील मला घेऊन एस.टी.नं आले. खांद्यावर घोंगडं, पायांत जाड वहाणा. प्राचार्या बाई कार्यालयात बसल्या होत्या. साताऱ्यातल्याच ख्रिस्ती कुटुंबातल्या, लग्न न केलेल्या, पांढरी सुती साडी नेसणाऱ्या. आम्ही सगळ्या त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणायचो.

“आवं बाई, पोरगी लय हुशार हाय,” वडील म्हणाले. “पर आमी आज हितं, उद्या तितं. हिला कुटं ठिवावं?”

बाईंनी माझी गुणपत्रिका पाहिली, मला एक परिच्छेद मोठ्यानं वाचायला लावला आणि वडलांना म्हणाल्या, “इथं ठेवा. सुट्टीत तुम्ही कुठं असाल ते पत्रानं कळवा, म्हणजे तिला तिकडच्या गाडीत बसवून देऊ.” दोन वर्षं त्यांनी ते केलं. वडलांचं पत्र यायचं, कुणाकडून तरी लिहून घेतलेलं, आणि त्यात गावाऐवजी कुठल्या तरी मळ्याचं नाव असायचं. बाई त्या मळ्याचा ठावठिकाणा काढून मला गाडीत बसवायच्या. तिथं माझ्यासारख्या आणखी बऱ्याच होत्या. दुष्काळी तालुक्यांतल्या, मेंढपाळांच्या, ऊसतोड करणाऱ्यांच्या. ख्रिस्ती मुली निम्म्याही नसतील. सकाळच्या उपासनेला सगळ्या बसायच्या, पण धर्म बदल असं मला तिथं कुणी कधी म्हटलं नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण लोक विचारतात.

पुढे मी तिथंच शिकवायला लागले. बाहेरून बी.ए., एम.ए. केलं. लग्न झालं ते सांगलीला. नवरा पाटबंधारे खात्यात, मुलगा सासूबाईंपाशी, आणि मी साताऱ्यात वसतिगृहाच्या एका खोलीत. शनिवारी दुपारची गाडी पकडायची, कराड, पेठनाका, आष्टा करत संध्याकाळी सांगली गाठायची आणि सोमवारी पहाटे परत निघायचं. असं सोळा वर्षं केलं. मुलगा लहान असताना मला ‘शनिवारची आई’ म्हणायचा. घरात सगळे हसायचे, मीही हसायचे.

मग डी.एड.चे दिवस फिरले. शिक्षकांची भरती थांबली, तशा मुली यायच्या बंद झाल्या. चाळीस जागांच्या वर्गात एका वर्षी अकराच मुली बसल्या. बाई निवृत्तीचं वय उलटूनही बिनपगारी काम बघत होत्या. त्या अकरा मुलींपुढेही त्या चाळिसांपुढे शिकवावं तसंच शिकवायच्या, फळ्यावर तारीख घालून, हजेरी घेऊन.

त्याच वर्षी सांगलीहून सचिव आले. आजचे कुलसचिव तेच. तेव्हा ते संस्थेचे सचिव होते. आष्ट्याकडच्या एका पाळकांचा मुलगा, गोड बोलणारा, प्रत्येकाच्या घरची चौकशी करणारा. माणूस वाईट नाही, आजही मी तसं म्हणणार नाही. त्यांनी बाईंच्या टेबलावर नकाशा पसरला. सांगलीत मोठा परिसर, तिथं बी.एड., मराठी विभाग, ग्रंथालय. साताऱ्याचं विद्यालय तिथं विलीन करायचं, नाव राखायचं, मुलींचं वसतिगृह तिथं चालू ठेवायचं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं की वसतिगृहाचं ठरावात लिहून मिळेल का. दुष्काळी भागातल्या मुलींना, आहे त्याच अटींवर, असं स्पष्ट.

सचिव हसून म्हणाले की ठरावात इतकं बारीक घालत नाहीत, संस्था आपलीच आहे, शब्द दिलाय तो दिलाय.

“शब्द आत्ता तुम्ही देताय,” बाई म्हणाल्या. “तुमच्यानंतर येणारा देणार आहे का?”

त्या दिवशी ते जाताना मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले. गाडीजवळ थांबून त्यांनी माझ्या मुलाची चौकशी केली. नववीला आहे, पुढच्या वर्षी दहावी, म्हटल्यावर म्हणाले, या वयात आई घरात पाहिजे. मराठी विभागाला माझ्यासारखं माणूस लागेल असंही म्हणाले. बाकी काही नाही. मला कसलं आमिष दाखवलं असं कुणी म्हणू शकणार नाही.

ठराव आमच्या स्थानिक मंडळापुढे आला. मंडळात सातजण. सचिव आणि मूळ संस्थेचे दोघे बाजूनं असणार हे उघड होतं. बाई, साताऱ्याच्या चर्चचे पाळक आणि एक निवृत्त डॉक्टर विरोधात. सातवी मी, शिक्षकांची प्रतिनिधी. सभेच्या आदल्या दिवशी बाईंनी मला काही विचारलं नाही. मला वाटलं, त्या गृहीत धरतायत. मला राग आला, आणि खरं सांगायचं तर त्या रागाची मला सोयच झाली.

सभेत पाळक बोलले, डॉक्टर बोलले. बाई म्हणाल्या, “विलीन या शब्दाचा अर्थ मराठीच्या बाईंना मी सांगायला नको.” मग सचिवांनी अनुकूल असणाऱ्यांनी हात वर करावेत असं म्हटलं. तीन हात वर गेले. मी खिडकीकडे पाहत होते. बाहेर अंगणात मुली वाळत घातलेले कपडे काढत होत्या. मी हात वर केला.

सभा संपल्यावर बाई माझ्यापाशी आल्या. सतराव्या वर्षापासून त्या मला ‘तू’ म्हणत आल्या होत्या. त्या म्हणाल्या, “तुमचं सामान पहिल्या ट्रकमध्येच जाऊ दे. तुम्हाला तिकडे घर लावायचं असेल.” त्यात टोमणा नव्हता. तो असता तर मला बरं वाटलं असतं.

मे महिन्यात ट्रक आले. कपाटं, हार्मोनियम, फळे, भूगोलाचे नकाशे, शिवणयंत्रं. शेवटचं वर्ष राहिलेल्या मुलींनी सांगलीला यावं असं ठरलं होतं. पाच आल्या. बाकीच्यांच्या घरच्यांनी एवढ्या लांब पाठवायला नकार दिला. बाई सांगलीला आल्या नाहीत. त्या साताऱ्यातच भाचीकडे राहायला गेल्या. मी त्यांना दोन पत्रं पाठवली, उत्तर आलं नाही, मग मीही लिहायचं सोडलं.

मी घरी आले ही गोष्ट खरी. मुलाच्या दहावीच्या परीक्षेला त्याचा डबा मी केला. सोमवारची पहाटेची गाडी सुटली. पहिले सहा महिने मला फार हलकं वाटत होतं. इतकं, की त्याची लाज वाटायचंही राहून गेलं.

वसतिगृह पहिल्या वर्षी शेजारच्या, तेव्हा स्वतंत्र असलेल्या नर्सिंगच्या शाळेत, मुलींच्या इमारतीत एका बाजूला होतं. दुसऱ्या वर्षी नर्सिंगची शाळाही विलीन झाली आणि त्यांना जागा अपुरी पडू लागली. तिसऱ्या वर्षी प्रवेश ऑनलाइन झाले. वसतिगृहाला कायमचा पत्ता, पालकांचा स्थानिक हमीदार आणि सगळं शुल्क एकदम, अशा अटी आल्या. ज्यांना कायमचा पत्ता नसतो त्यांच्यासाठीच ते वसतिगृह निघालं होतं, हे कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं. मला होतं.

त्या जूनमध्ये एक माणूस माझ्या विभागाच्या दारात उभा राहिला. बरोबर मुलगी. आमच्याकडचाच, मेंढरं राखणारा. माझ्या वडलांनी त्याला सांगितलं होतं की सांगलीला आपली पोर बाई हाय, ती बघंल.

“हापिसात गेलो हुतो,” तो म्हणाला. “ते म्हंत्यात मशिनीत भरा. आमाला काय येतंय त्येतलं. तुमच्या आबानं सांगितलं, तितं पोरीला ठिवून घेत्यात.”

मुलीची गुणपत्रिका चांगली होती. मी त्यांना बसवून सचिवांकडे गेले. ते तेव्हा विद्यापीठाच्या कागदपत्रांच्या गडबडीत होते. मी त्यांना शब्दाची आठवण करून दिली. त्यांनी शिपायाला इतिवृत्ताचं पुस्तक आणायला सांगितलं, साताऱ्याचा ठराव काढला आणि माझ्यापुढे सरकवला. वसतिगृहाचा उल्लेख नव्हता. खाली अनुकूल सदस्यांच्या नावांत माझं नाव होतं.

“बाई, मला आठवतंय सगळं,” ते म्हणाले. “पण आता समितीपुढे मला कागद दाखवावा लागतो. कागदात काय आहे ते तुम्हीच बघा.”

मी परत आले. त्या माणसाला म्हणाले, यंदा जागा भरल्या. हे खोटं होतं. जागा भरल्या नव्हत्या. त्यानं वाद घातला नाही. “बरं,” म्हणाला, मुलीच्या डोक्यावर पिशवी दिली आणि दोघं निघाले. मी त्यांना चहाही विचारला नाही, कारण चहा प्यायला बसले असते तर मला काहीतरी बोलावं लागलं असतं. ती मुलगी पुढे विट्याला सरकारी वसतिगृहात राहून शिकली, आता नोकरीला आहे, असं वडलांकडून कळलं. त्यानंतर त्यांनी माझ्याकडे कुणाला पाठवलं नाही.

यापेक्षाही वाईट गोष्ट पुढे घडली. पाळकांच्या प्रशिक्षण विद्यालयाला विलीन करायचं ठरलं तेव्हा त्यांचे प्राचार्य, एक उंच, हळू बोलणारे वयस्कर गृहस्थ, मला भेटायला आले. त्यांच्या विद्यालयात खेड्यांतल्या चर्चमध्ये जाणारी मुलं तयार व्हायची, मराठीतून. त्यांना आश्वासन मिळालं होतं की मराठी माध्यम राहील. त्यांनी मला सरळ विचारलं, “बाई, तुमच्या वेळी जे कबूल केलं होतं ते पाळलं का?”

विभागप्रमुखपदाची माझी मुलाखत पुढच्याच आठवड्यात होती. मी म्हणाले, “बदलाच्या वेळी थोडं इकडे-तिकडे होतं. पण एकंदरीत नीट झालं.”

त्यांनी माझे आभार मानले. दोन वर्षांत त्यांचं मराठी माध्यम बंद झालं. विद्यार्थी इतर राज्यांतून येतात म्हणून इंग्रजी आलं. ते गृहस्थ मला परिसरात भेटायचे आणि नमस्कार करायचे, आधी करायचे तसाच. त्यांनी मला कधीच विचारलं नाही की तुम्ही असं का म्हणालात. निवृत्त होऊन गेले तेव्हा निरोपसमारंभात त्यांच्याविषयी बोलायला मलाच उभं केलं होतं.

आणि नंतर हे पुस्तकाचं काम आलं.

मी ते इमानानं करायचं ठरवलं. वयही झालं होतं, पदही मिळून गेलं होतं, घाबरण्यासारखं फार उरलं नव्हतं, त्यामुळे यात मोठेपणा काही नाही. साताऱ्याचं जुनं दप्तर ट्रकमधून आलं होतं ते गोदामात भिजून गेलेलं. म्हणून मी बाईंकडे गेले. सात वर्षांनी. भाचीचं घर एका गल्लीत पहिल्या मजल्यावर होतं. बाई खुर्चीत बसलेल्या, खूप बारीक झालेल्या, नजर अधू. “या,” म्हणाल्या. मी इतिहास लिहिते आहे म्हटल्यावर त्यांनी भाचीला पलंगाखालची पेटी ओढायला सांगितली. त्यात वसतिगृहाच्या हजेरीवह्या होत्या. ट्रक भरण्याआधी त्यांनी त्या काढून घेतल्या होत्या. मला त्यांनी तीन आठवड्यांसाठी दिल्या आणि कुठल्या तारखेला परत आणायच्या ते सांगितलं.

मी एकोणीस पानं लिहिली. दोन मिशनरी बायकांनी भाड्याच्या दोन खोल्यांत सुरू केलेली शाळा, पहिल्या मुली कुठून आल्या, दुष्काळात वसतिगृह कसं चाललं, बाईंचं काम. मग विलीनीकरण. त्यात मी तोंडी शब्दाचं लिहिलं, वसतिगृह कसं बंद झालं ते लिहिलं, आणि मंडळात तीन-तीन असताना सातवा हात कुणाचा होता तेही लिहिलं. लिहिताना मला बरं वाटत होतं. काहीतरी फिटतंय असं.

पुस्तक छापून आलं. इतिहासाची आठ पानं होती, त्यांतली पाच फोटोंची. आमच्या विद्यालयाबद्दल एक वाक्य होतं: ‘याच सुमारास साताऱ्याचे अध्यापिका विद्यालयही विद्यापीठ परिवारात आनंदाने विलीन झाले.’ खाली लेखिका म्हणून माझं नाव.

मी कुलसचिवांकडे गेले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यापुढे मी आवाज चढवला. ‘आनंदाने’ हा शब्द कुणी घातला, असं विचारलं. ते शांतपणे म्हणाले की तो समितीचा शब्द आहे, माझी पानं सगळ्यांनी वाचली, भाषा फार सुंदर होती असं सगळे म्हणाले.

“पण बाई, हे वाढीचं पुस्तक आहे,” ते म्हणाले. “त्यात बंद काय पडलं ते कसं घालणार?”

मी म्हटलं, माझं नाव काढा. ते म्हणाले, प्रती छापून झाल्यात, पुढच्या आवृत्तीत काढू. तेही तोंडीच.

हजेरीवह्या परत द्यायची तारीख केव्हाच उलटली होती. त्या आणि माझी एकोणीस पानं घेऊन मी साताऱ्याला गेले. छापील पुस्तक नेलं नाही. बाईंना वाचता येत नव्हतं म्हणून मीच मोठ्यानं वाचून दाखवलं. दोन तास लागले. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. मधे दोन ठिकाणी त्यांनी गावाचं नाव दुरुस्त केलं. सातव्या हाताचा भागही मी वाचला.

“हे बरोबर नाही,” त्या म्हणाल्या.

मला वाटलं, त्या मला समजावतायत. पण त्या माहितीची चूक सांगत होत्या. सभेच्या तीन आठवडे आधी मूळ संस्थेचं पत्र त्यांच्या हातात पडलं होतं. विलीनीकरण वरच ठरलं होतं. स्थानिक मंडळाचा ठराव फक्त दप्तरी लावायला हवा होता. नाही झाला तर मंडळ बरखास्त करायचं, असंही पत्रात होतं. पाळकांना आणि डॉक्टरांना त्यांनी ते सांगितलं होतं. तिघांनी विरोध केला तो नुसता नोंद राहावी म्हणून.

“तुमच्या हातानं काही झालेलं नाही,” त्या म्हणाल्या. “तेवढं खोडा.”

मी विचारलं, “मला का नाही सांगितलंत?”

“बघायचं होतं मला,” बाई म्हणाल्या. “तुम्ही काय करता ते.”

इतकी वर्षं मी जे उरावर घेऊन फिरत होते ते त्यांनी एका वाक्यात काढून घेतलं आणि दुसऱ्या वाक्यात दुसरंच काहीतरी ठेवलं. मला त्यांचा संताप आला. त्यांनी मला शिकवलं, मळ्यामळ्यांचे पत्ते शोधून मला गाडीत बसवलं, आणि शेवटी माझी परीक्षा घेतली, जिचा निकालावर काहीही परिणाम होणार नव्हता. मी म्हणाले की मुलगा दहावीला जाणार होता, सोळा वर्षं मी घरापासून लांब काढली होती. “माहीत आहे,” त्या म्हणाल्या. “म्हणूनच आदल्या दिवशी विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही माझ्या भिडेखातर हात खाली ठेवला असता.”

भाचीनं चहा आणला. आम्ही दोघी प्यायलो. कप खाली ठेवल्यावर बाईंनी विचारलं, “आणि स्वयंपाकघराचं काहीच कसं लिहिलं नाहीत?”

एकोणीस पानांत मी मिशनरी बायका लिहिल्या, बाई लिहिल्या, सचिव लिहिले, मी स्वतःला लिहिलं. तीस वर्षं वसतिगृहात दोन वेळचं रांधणाऱ्या बाईचा त्यात एक शब्द नव्हता.

त्या स्वयंपाकाच्या बाई बौद्ध होत्या, साताऱ्याजवळच्या खेड्यातल्या. मला सोडायला आले त्या दिवशी वडलांनी बाईंना विचारलं होतं की स्वयंपाक कोण करतं. बाईंनी सरळ सांगितलं. वडील जरा वेळ जमिनीकडे बघत बसले, मग म्हणाले, “खाईल पोरगी.” पण मी पहिले चार दिवस घरून आणलेल्या वाळक्या भाकरीच खाल्ल्या. स्वयंपाकाच्या बाईंच्या ते ध्यानात आलं होतं. त्यांनी काही विचारलं नाही, कुणाला सांगितलं नाही. पाचव्या दिवशी भाकरी संपल्या आणि मी ताट घेऊन रांगेत उभी राहिले, तेव्हा त्यांनी इतरांना वाढलं तेवढंच मला वाढलं. पुढे शिकवायला लागल्यावरही कितीतरी वर्षं मी त्यांच्याच हातचं जेवले. विलीनीकरणानंतर त्यांचं काय झालं ते मला माहीतच नव्हतं. विचारलं नव्हतं.

बाईंना माहीत होतं. लोणंदला, कारखान्यातल्या कामगारांच्या खाणावळीत त्या पोळ्या लाटतात, असं त्यांनी सांगितलं. त्याच आठवड्यात मी गेले. स्टेशनच्या रस्त्याला पत्र्याची शेड, आत लांबलचक बाकडी. दुपारची गर्दी ओसरली होती. त्यांनी मला लगेच ओळखलं. पदरानं हात पुसत बाहेर आल्या आणि “बाई, जेवलासा का?” असं विचारलं. मी नको म्हणेपर्यंत ताट समोर आलं. मी जेवले. त्या समोर बसून होत्या. वय सत्तरीला टेकलेलं, मनगटावर भाजल्याचे डाग.

मी त्यांना सांगितलं की मी विद्यालयाचा इतिहास लिहिलाय आणि त्यात त्यांचं लिहायचं राहिलं, ते आता लिहायचंय. विलीनीकरणाच्या वेळी त्यांना काय सांगितलं गेलं, असं विचारलं.

“कुनी काय सांगितलंच न्हाई,” त्या म्हणाल्या. त्यात तक्रार नव्हती. “सकाळचा नाष्टा करत हुते. दारात टरक आला तवा कळलं. त्या दिवशी बी धा मानसांचं रांधलं. खायाला कुनी बसलंच न्हाई.”

“मी होते तिथं,” मी म्हणाले.

“व्हय की. तुमी फुडच्या टरकाबरूबर गेलासा. जाताना हाक मारली मी तुमास्नी. गाडीच्या आवाजात ऐकू आलं न्हाई वाटतं.”

मला ते आठवत नाही. ऐकू आलं नव्हतं की मी वळून पाहिलं नव्हतं, हेही आता सांगता येत नाही. कशासाठी हाक मारली होती असं मी विचारलं.

“डबा बांधला हुता,” त्या म्हणाल्या. “पोरगं घरी वाट बघत आसंल म्हनून.”

आतून कुणीतरी त्यांना पिठासाठी हाक मारली. त्या उठल्या, माझं ताट उचलून घेऊन गेल्या. मी हात धुऊन बाहेर आले आणि साताऱ्याच्या गाडीची वाट बघत उभी राहिले. कागद-पेन पर्समध्येच होतं. मी काहीच लिहून घेतलं नव्हतं.